रुपयाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना रुपया हाती आला, की माणूस आधी विचारतो, "याचे किती येतील?" तो प्रश्न शेवटी घेतला आहे. आधीच्या उत्तरांत एक शब्द पुन्हा पुन्हा भेटेल, बट्टा. नाण्यावर छापलेली किंमत आणि बाजारात मिळणारी किंमत यांतला फरक म्हणजे बट्टा. रुपयाच्या इतिहासातली बहुतेक भांडणं या फरकावरूनच झाली आहेत.

‘रुपया’ हा शब्द कुठून आला?

संस्कृतातल्या ‘रूप्य’वरून. रूप म्हणजे आकार, ठसा. ज्यावर ठसा ठोकला आहे ते रूप्य. पाणिनीच्या ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’ या सूत्रातला ‘आहत’ म्हणजे ठोकलेलं. पुढे हा शब्द चांदीलाच चिकटला. आपण ‘सोनं-रुपं’ म्हणतो ते त्यामुळेच.

पहिला रुपया कोणी पाडला?

चांदीची नाणी भारतात त्याआधी दोन हजार वर्षं होतीच. पण ‘रुपया’ या नावाचं, ठरलेल्या वजनाचं नाणं शेरशाह सूरीनं १५४० ते १५४५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत चालू केलं. वजन सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. मोगलांनी राज्य परत मिळवलं तरी हे नाणं मोडलं नाही, हीच त्याची पावती. अकबराच्या काळात ४० तांब्याच्या दामांचा एक रुपया, असा हिशेब धरत.

मग शिवाजी महाराजांचा रुपया का दिसत नाही?

कारण राज्याभिषेकानंतरची (१६७४) त्यांची ओळखीची नाणी दोन : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि अक्षरं देवनागरी. आजूबाजूच्या सगळ्या सत्ता फारसी मजकूर ठोकत असताना हा निर्णय साधा नव्हता. होन हे दक्षिणेतल्या परंपरेचं नाणं. चांदीचा रुपया उत्तरेकडून आलेला. शिवराई मात्र खेड्यापाड्यांत इतकी रुळली, की पेशवाई गेल्यानंतरही एकोणिसाव्या शतकात ती चालत होती.

अस्सल होन मोजकेच उपलब्ध आहेत. जत्रेत किंवा ऑनलाइन ‘शिवकालीन होन’ म्हणून मिळतो तो नकली असतो, असंच धरून चालावं.

मराठ्यांच्या रुपयांवर मोगल बादशहाचं नाव कसं?

दिल्लीच्या बादशहाची सत्ता नावापुरती उरली होती, पण त्याच्या नावाच्या नाण्यावर सराफाचा विश्वास होता. नवं नाव ठोकलं की सराफ आधी बट्टा लावणार. म्हणून मजकूर बादशहाचा आणि टाकसाळीची खूण आपली, अशी तडजोड झाली. पुण्याच्या रुपयावर हत्तीचा अंकुश असे, म्हणून तो अंकुशी. चांदवडच्या टाकसाळीतला तो चांदवडी. ईस्ट इंडिया कंपनीनंही मुंबईत बराच काळ मोगल छापाचाच रुपया पाडला. कारण तेच.

बट्टा नेमका कसा लावत?

सराफ चार गोष्टी बघे. वजन : नाणं किती झिजलं? कस : चांदीत हीण किती? आणि गाव : ते नाणं इथे घेणारे किती? चौथी गोष्ट साल. नवं नाणं पूर्ण भावानं, जुन्या सालाचं कमी भावानं, मग ते झिजलेलं असो वा नसो. बंगालमध्ये यावर उपाय म्हणून कंपनीनं सालच गोठवलं. बादशहाच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष सगळ्या रुपयांवर वर्षानुवर्षं ठोकत राहिले, म्हणजे नाणं जुनं होण्याचा प्रश्नच उरला नाही!

समजा, शेतकऱ्यानं १०० रुपयांचा सारा भरायला दुसऱ्या टाकसाळीचे रुपये आणले आणि बट्टा शेकडा २ असेल, तर सरकारजमा ९८च होत. उरलेले दोन त्यानं पुन्हा आणायचे. नाणी पारखायचं काम पोतदाराकडे असे. आडनाव तिथूनच आलं. न मोडलेला, बट्टा न लागणारा तो ‘बंदा रुपया’, आणि माणसाच्या नावाला बट्टा लागतो तोही इथलाच.

सगळीकडे एकच रुपया कधी आला?

१८३५ साली. त्या वर्षीच्या कायद्यानं कंपनीच्या सर्व मुलखात एकाच मापाचा रुपया ठरला : वजन १८० ग्रेन (११.६६ ग्रॅम), त्यातले १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा. बादशहाचं नाव गेलं आणि इंग्लंडच्या चौथ्या विल्यमचं तोंड आलं. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, त्यामुळे रुपया तराजूत वजन म्हणूनही चाले. संस्थानांची नाणी मात्र पुढेही निघत राहिली.

आणे-पैचं कोष्टक काय होतं?

३ पै = १ पैसा, ४ पैसे = १ आणा, १६ आणे = १ रुपया. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. नाण्यांची बोलीतली नावं : चवली २ आण्यांची, पावली ४ आण्यांची, अधेली ८ आण्यांची. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला मधे भोक पाडलेला पैसा निघाला (१९४३ ते १९४७). लोक त्याला भोकाचा पैसा म्हणत, आणि तो दोऱ्यात ओवून ठेवता येई, ही सोय टाकसाळीच्या मनात नसावी.

चांदीचा रुपया असूनही १८७० नंतर तो का घसरला?

चांदीचा होता म्हणूनच घसरला. १८७१-७३ च्या सुमारास जर्मनीनं सोन्याचं चलन स्वीकारून चांदी बाजारात ओतली, इतर देशांनीही पाठ फिरवली, त्यात अमेरिकेतल्या नव्या खाणी. चांदी स्वस्त झाली. १८७० च्या आसपास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड). १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सव्वा शिलिंगाच्या आत आले. हिंदुस्थान सरकारला पेन्शनी, कर्जावरचं व्याज असा मोठा खर्च इंग्लंडमध्ये पौंडांत भागवावा लागे. तेवढेच पौंड, पण रुपये जास्त.

यावर २६ जून १८९३ ला टाकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. तोवर कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टाकसाळीत जाई, टांकणावळ, म्हणजे नाणी पाडायची मजुरी, देई आणि रुपये घेऊन येई. त्यामुळे रुपया आणि त्यातली चांदी यांची किंमत एकमेकींना धरून राहत असे. दार बंद झाल्यावर रुपये कमी पडू लागले आणि त्यांची किंमत धातूपेक्षा वर चढली. १८९८ च्या सुमारास १ शिलिंग ४ पेन्स हा दर साधला, म्हणजे पौंडाला १५ रुपये. त्या दिवसापासून खणखणीत वाजणारा चांदीचा रुपया खरं तर चांदीवर छापलेली नोट होता. हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा, कारण ‘पूर्वी रुपया म्हणजे शुद्ध चांदी, आता नुसता कागद’ हे विधान १८९३ नंतर निम्मंच खरं आहे.

‘सोळा पेनी की अठरा पेनी’ हा वाद काय होता?

१९२६ मध्ये चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगानं रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेनी ठेवावा असं सुचवलं. मुंबईचे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात भिन्नमत नोंदवलं : १६ पेनीच ठेवा. रुपया महाग झाला की इंग्लंडमधल्या लँकेशायरचं कापड इथे स्वस्त पडतं आणि मुंबईच्या गिरण्यांचा माल बाहेर महाग. कापूस-गहू विकणाऱ्या शेतकऱ्यालाही कमी रुपये मिळतात. १९२७ चा कायदा १८ पेनीचाच झाला. पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै हा दर १९६६ पर्यंत टिकला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नोटा कधीपासून?

सरकारी नोटा १८६१ च्या कायद्यानं. त्याआधी इलाख्यांच्या बँका स्वतःच्या नोटा काढत. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर टाऊन हॉलचं आणि एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या पुतळ्यांचं चित्र असे.

सरकारी नोटेची अडचण अशी, की ती आपल्या मंडळापुरतीच, म्हणजे ठरवलेल्या विभागापुरतीच, कायदेशीर होती. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्यात कोणी घेतलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. म्हणजे पुन्हा बट्टा, या वेळी कागदावर. हे बंधन हळूहळू सुटलं : ५ रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू लागली, १० आणि ५० ची १९१० मध्ये, १०० ची १९११ मध्ये.

टपालानं पैसे पाठवायची त्या वेळची रीत : नोट मधोमध फाडायची, आधी एक अर्धा पाठवायचा, पोचल्याचं पत्र आलं की दुसरा. वाटेत एक अर्धा चोरीला गेला तरी चोराला उपयोग नाही. म्हणूनच त्या काळच्या नोटांवर दोन्ही अर्ध्यांवर क्रमांक असे, आणि संग्रहात चिकटवलेल्या नोटा इतक्या दिसतात. आज हा प्रयोग करू नका. सध्याच्या नियमानं ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तरच पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, त्याहून लहान असेल तर काही नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेला ५० टक्क्यांहून मोठा तुकडा लागतो. तिथे अर्ध्या पैशांची सोय नाही.

अडीच रुपयांची नोट खरंच होती?

होती. २ रुपये ८ आण्यांची. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली, की रुपयातली चांदी रुपयाहून महाग होऊ लागली आणि लोक नाणी दाबून ठेवू लागले किंवा वितळवू लागले. बट्टा आता उलटा झाला होता! म्हणून १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि लगेच १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांची नोट आली. हिंदुस्थानसाठी अमेरिकेकडूनही चांदी घेतली गेली. अडीचची नोट १९२६ मध्ये बंद झाली.

नोटा १९२८ पर्यंत इंग्लंडात छापत. मग नाशिक रोडला छपाई सुरू झाली. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला स्थापन झाली, पण तिची पहिली नोट, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली ५ रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि राजाच्या चित्राशेजारी प्रथमच भारतीय माणसाची सही आली. फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानच्या नोटाही नाशिकलाच छापल्या गेल्या. भारतीय नोटेवरच ‘पाकिस्तान सरकार’ असा शिक्का मारून.

१९४७ मध्ये एक रुपया म्हणजे एक डॉलर होता ना?

नाही. दर वर्षी १५ ऑगस्टला हे फिरतं, आणि दर वर्षी चूकच असतं. हिशेब सोपा आहे. तेव्हा पौंड म्हणजे १३.३३ रुपये आणि पौंड म्हणजे ४.०३ डॉलर. भागाकार करा : डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैसे.

सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरवला गेला आणि रुपया त्याच्यासोबत उतरला : १३.३३ भागिले २.८०, म्हणजे ४.७६. मग ६ जून १९६६ ला ७.५०. हे अवमूल्यन कुठे ३६.५ टक्के तर कुठे ५७.५ टक्के लिहिलेलं दिसतं. दोन्ही बरोबर : रुपयाची डॉलरमधली किंमत ३६.५ टक्के घटली, डॉलरची रुपयातली किंमत ५७.५ टक्के वाढली. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झालं आणि १९९३ पासून दर बाजारावर सोडला गेला, पाहिजे तिथे रिझर्व्ह बँक हात घालते.

आण्यांचे ‘नये पैसे’ करताना गोंधळ कशानं झाला?

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. ‘नये’ अशासाठी, की जुना पैसा (रुपयात ६४) अजून चालूच होता. नाण्यावर ‘रुपये का सौवां भाग’ असं छापावं लागलं.

अडचण भागाकाराची होती. आणा म्हणजे ६.२५ नये पैसे, आणि पाव पैशाचं नाणं नाही. म्हणून अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा आकडा धरायचा : १ आणा ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. आता बघा, एकेक आणा करून तीनदा दिलं तर १८, एकदम तीन आणे दिले तर १९. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही आपापल्या सोयीचा हिशेब धरत. पावली आणि अधेली मात्र २५ आणि ५० मध्ये चपखल बसल्या. म्हणूनच ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ हे शब्द जगले, बाकीचे गेले. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ ला काढला. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला बंद झाली. ५० पैसे कायद्यानं अजून चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

मराठवाड्यात आणि गोव्यात वेगळं चलन होतं का?

मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यानं तिथे हाली सिक्का चाले. इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. अदलाबदल साधारण ७ हालीला ६ कलदार. संस्थान विलीन झाल्यावरही हे नाणं लगेच गेलं नाही. १९५१ पासून नवं निघेनासं झालं, रद्द व्हायला १९५९ उजाडलं. जुन्या खरेदीखतात ‘रु. हाली’ असं असेल तर रक्कम एक-सातांशानं कमी धरायची.

गोव्यात पोर्तुगीजांची रुपिया होती, १६ टांगांची. १९५९ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियाला ६ एस्कुदो. १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया आला, आणि दर तोच राहिला, रुपयाला ६.

नोटाबंदी आजवर किती वेळा?

तीन. १२ जानेवारी १९४६ : ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा. १६ जानेवारी १९७८ : १,०००, ५,००० आणि १०,००० च्या. ८ नोव्हेंबर २०१६ : ५०० आणि १,००० च्या. पहिल्या दोन वेळी या नोटा सामान्य माणसानं पाहिल्याही नव्हत्या; तिसऱ्या वेळी चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम एका रात्रीत अडकली. २०२३ मध्ये २,००० ची नोट मागे घेतली ती नोटाबंदी नव्हे, ती नोट कायदेशीर चलन राहिली.

एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही का नसते?

ती रिझर्व्ह बँकेची नोट नाही. ती भारत सरकारची, कायद्याच्या दृष्टीनं नाण्याच्या जागी असलेली. सही वित्त सचिवाची असते आणि ‘अदा करने का वचन’ तिच्यावर नसतं, कारण बँकेनं जे द्यायचं वचन दिलं आहे तेच हे!

नाणं कुठल्या टाकसाळीचं हे कसं ओळखायचं?

सालाच्या खाली बघा. चौकटच्या पानासारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

पेटीत सापडलेला राणीछाप रुपया खरा आहे का?

१. वजन करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. नवा ११.६६, वापरलेला ११.३ ते ११.६ भरतो.

२. चुंबक लावा. चांदी चिकटत नाही. १९४७ चा रुपया चिकटतो आणि तो खोटा नसतो. तो निकेलचाच आहे. त्यात चांदी अजिबात नाही. १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच चांदी आहे.

३. पाण्यात तोला. पेल्यात पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. खऱ्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. १.३ किंवा जास्त आला तर तो जर्मन सिल्व्हर किंवा तसाच दुसरा मिश्रधातू. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर आकडा फुगतो. नाणं हलवून ते काढा.

४. कड बघा. दाते एकसारखे असतात. ओतीव नाण्याच्या कडेला शिवण दिसते.

‘१८६२’ हे साल पाहून हुरळू नका, १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तेच साल ठोकत होते. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया मात्र पाहावा : राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या साली चित्र सुधारलं. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे सालात खाडाखोड केलेले फार. भिंगाखाली ९ नीट तपासा.

आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. ओरखड्यांनी संग्राहकाची किंमत जाते, मग उरते ती १०.६९ ग्रॅम चांदीची.

ट्रॅक्टरवाल्या ५ रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात का?

नाही. ती नोट कोट्यवधी छापली गेली. ‘आधी कमिशन भरा’ असा फोन आला की ती फसवणूक. रिझर्व्ह बँकेनं आपल्या नावानं चाललेल्या अशा प्रकाराबद्दल २०२१ मध्ये सावधही केलं होतं.

शेतात नाण्यांचा हंडा निघाला तर?

१८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. काय, कुठे आणि कधी सापडलं ते लिहा, हंडा फोडू नका, नाणी धुऊ नका आणि भावाबंदांत वाटू नका. कोणत्या थरात काय होतं यावरूनच काळ ठरतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात. ती परदेशात नेता येत नाहीत, परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही पाठवता येत नाहीत.